118 कोटींचे चित्र आणि आपल्या घरातली रंगपेटी

पालकसभा संपली, वर्ग रिकामा झाला, तरी एक अब्बा मागे थांबले होते. सोलापुरात पॉवरलूमवर काम करणारे, दिवसपाळी बुडवून आलेले. त्यांनी मोबाइल आमच्यापुढे धरला. "मॅडम, ये खबर सच्ची है क्या? एक तसवीर के एक सौ अठरा करोड?"

बातमी खरी होती. मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्राम यात्रा' हे चित्र 19 मार्च 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे 1 कोटी 37 लाख डॉलरला, म्हणजे साधारण 118 कोटी रुपयांना गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. त्याआधीचा विक्रम अमृता शेरगिल यांच्या चित्राचा होता, 2023 सालचा, 61.8 कोटींचा. तो जवळपास दुपटीने मोडला.

त्या अब्बांच्या विचारण्यामागे कारण होते. त्यांची मुलगी आमच्या वर्गात आहे. एलिमेंटरीला तिला ए ग्रेड मिळाली, आता इंटरमिजिएटची तयारी चालू आहे. दहावीनंतर चित्रकलेलाच जायचे असा तिचा हट्ट आहे. घरात दोन प्रश्न उभे आहेत. एक, यात पोट भरते का? दोन, हे दीनमध्ये चालते का? बातमी वाचून अब्बांना वाटले, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

खरे तर मिळाले नव्हते. त्या दिवशी घाईत आम्ही थोडक्यात बोललो. पूर्ण उत्तर इथे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत अशी एक रंगपेटी असते आणि दहावीनंतर ती कपाटावर जाऊन पडते.

118 कोटी कोणाला मिळाले?

पहिली गोष्ट, चित्रकाराला एक पैसाही मिळाला नाही. हुसेन यांचे 9 जून 2011 रोजी लंडनमध्ये निधन झाले. पण ते हयात असते तरी हेच झाले असते.

'ग्राम यात्रा' 1954 मधले. 13 छोट्या चौकटी, एकत्र धरल्या तर सुमारे 14 फूट लांब. गावातल्या बाया, शेतकरी, जाते, बैलगाडी. त्या वर्षी लिऑन एलियास वोलोडार्स्की नावाचे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत होते. त्यांनी ते विकत घेतले आणि नॉर्वेला नेले. 1964 मध्ये त्यांनी ते ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयाला दिले. अनेक दशके ते तिथेच भिंतीवर होते, आपल्याकडे फार कोणी पाहिलेही नव्हते. रुग्णालयाने ते लिलावाला काढले आणि मिळणारी रक्कम नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी वापरायची असे ठरवले.

म्हणजे एका डॉक्टरने 70 वर्षांपूर्वी एका तरुण चित्रकाराचे चित्र घेतले आणि त्यातून आज दुसऱ्या देशातले डॉक्टर शिकणार. एखाद्या वक्फच्या मिळकतीसारखाच हा प्रकार आहे.

कलाबाजाराचा हिशोब पालकांनी समजून घ्यावा. चित्र पहिल्यांदा विकले जाते तेव्हा पैसे चित्रकाराला मिळतात. गॅलरीमार्फत विकले तर गॅलरी साधारण तिसरा ते निम्मा हिस्सा ठेवते. त्यानंतर ते चित्र घराच्या प्लॉटसारखे असते. प्लॉट विकणाऱ्या पहिल्या मालकाला पुढच्या भाववाढीतले काही मिळत नाही, तसेच चित्रकाराचे. वर्तमानपत्रात येणारे मोठे आकडे जवळजवळ सगळे पुनर्विक्रीचे असतात.

तय्यब मेहता यांचे उदाहरण घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढलेले दाऊदी बोहरा घरातले हे चित्रकार. 2005 मध्ये त्यांचे एक चित्र न्यूयॉर्कमध्ये 10 लाख डॉलरच्या पुढे गेले. समकालीन भारतीय चित्राने हा टप्पा प्रथमच ओलांडला होता. तेव्हा ते हयात होते, मुंबईत साधेपणाने राहत होते. अमेरिकेत पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला देणारा कायदाच नाही. ते 2009 मध्ये गेले. एप्रिल 2025 मध्ये त्यांचे बांधलेल्या बैलाचे चित्र मुंबईतल्या सॅफ्रनआर्टच्या लिलावात 61.8 कोटींना गेले.

आपल्याकडे मात्र असा कायदा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलम 53 अ घातले गेले. मूळ चित्र, शिल्प, रेखाटन किंवा हस्तलिखित 10,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलाकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मिळावा. हा हिस्सा जास्तीत जास्त 10 टक्के. कागदावर 30 वर्षे आहे, पण रोजच्या व्यवहारात तो पाळला जाताना दिसत नाही. कोणते चित्र कोणाकडे गेले याची नोंद नाही, मागणारे थोडे, आणि तक्रार करून गॅलरीशी वाकडे कोण घेणार?

म्हणून त्या अब्बांना आम्ही म्हटले, "भाई, 118 करोड पेंटर के नहीं. पेंटर को पहली बिक्री के मिले, बस."

तिजोरीतली पंचवीस चित्रे

दुसरी एक बातमी कमी वाचली गेली, पण ती आमच्या मते जास्त शिकवणारी आहे. 12 जून 2025 रोजी मुंबईत पंडोल या लिलावगृहात हुसेन यांच्या 25 चित्रांचा लिलाव झाला. विसाव्या शतकाबद्दल त्यांनी उतारवयात केलेली ही मालिका.

2004 मध्ये एका उद्योगपतीने हुसेन यांच्याशी 100 चित्रांचा 100 कोटींचा करार केला होता, म्हणजे एका चित्राला एक कोटी. त्यातली 25 चित्रे त्याच्या ताब्यात आली. पुढे नाफेड या सरकारी सहकारी संस्थेच्या कर्जाचे प्रकरण उभे राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि थकबाकीपोटी चित्रे अडकली. ज्याच्यावर कांदा-डाळ खरेदीची जबाबदारी, त्या नाफेडच्या कर्जापोटी चित्रे! शेवटी उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर ती लिलावात आली. इतकी वर्षे ती लोकांनी पाहिलीच नाहीत.

चित्र जेव्हा फक्त किंमत होते तेव्हा असे होते. ते सोन्याच्या बिस्किटासारखे लॉकरमध्ये जाते. कोणी लहान मूल त्याच्यासमोर उभे राहून "हे असे का काढले?" असे विचारू शकत नाही.

सुरुवातीला कोण उभे राहिले?

आता खरा मुद्दा. ही माणसे घडली कशी? आकाशातून पडली नाहीत. कोणीतरी सुरुवातीला थोडे थोडे दिले.

हुसेन आमच्याच जिल्ह्यातले. जन्म पंढरपूरचा, 1915 सालचा, सुलेमानी बोहरा घर. आई ते दीड-दोन वर्षांचे असतानाच गेली. बालपण इंदूरला गेले. बडोद्यात मदरशात राहताना ते खत्ताती, म्हणजे अरबी सुलेखन शिकले, असे त्यांच्या चरित्रात येते. भारतातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताला पहिले वळण मदरशातल्या कलमाने दिले, हे आपण आपल्या मुलांना कधी सांगतो का? मुंबईत आल्यावर त्यांनी सिनेमाचे मोठाले बोर्ड रंगवले, फर्निचरच्या दुकानासाठी लाकडी खेळणी आणि पाळणाघरातले सामान आखले. रोजी तीच होती. 1947 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांचे चित्र लागले.

त्याच वर्षी मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सहा जण होते. गोव्याचे ख्रिस्ती सूझा, रझा आणि हुसेन हे दोन मुसलमान, लहानपणी घरकाम आणि गाड्या धुण्याचे काम केलेले दलित समाजातले आरा, आणि गाडे व बाकरे ही दोन मराठी नावे. फाळणीच्या रक्तपाताच्या वर्षी हे सहा जण एका खोलीत बसून रंगांवर भांडत होते. हा इतिहास महाराष्ट्राचा आहे आणि त्यात आपला वाटा आहे.

त्यांची चित्रे घेणारे कोण होते? नाझींच्या छळातून सुटून युरोपातून मुंबईत आलेली काही माणसे. श्लेझिंगर हे व्हिएन्नाचे ज्यू, औषधाचा कारखाना काढलेले. लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक, त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. फॉन लायडेन त्याच दैनिकात कलेवर लिहीत. परक्या देशात नव्याने संसार मांडणाऱ्या या निर्वासितांनी अनोळखी पोरांची चित्रे विकत घेतली, त्यांना पुस्तके दाखवली, त्यांच्यावर लिहिले. पारशी केकू गांधी यांचे चित्रांच्या चौकटी करण्याचे दुकान होते. त्या दुकानात चित्रे लागू लागली आणि 1963 मध्ये त्यातून गॅलरी केमोल्ड उभी राहिली. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 ची, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालेली. आजही तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत.

सरकारी पैसाही होता. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रे घेतली. 1960 च्या दशकात तिथल्या भिंतीसाठी हुसेन यांनी सुमारे 45 फुटांचे भित्तिचित्र केले, नाव 'भारत भाग्य विधाता'. एअर इंडियाने आपल्या कचेऱ्यांसाठी इतकी चित्रे घेतली की खासगीकरणानंतर 2023 मध्ये तो संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे द्यावा लागला.

रझांची कहाणी तर शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी. मध्य प्रदेशातल्या जंगलभागात वडील वनखात्यात. पोराचे वर्गात लक्ष नसायचे. शिक्षकाने भिंतीवर एक ठिपका काढला आणि म्हटले, याच्याकडे बघत बस. तोच ठिपका पुढे 'बिंदू' झाला आणि जगभर गेला, असे रझा स्वतः सांगत. नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईत जे. जे. मध्ये. 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. साठ वर्षांनी परत आले. 2016 मध्ये गेले तेव्हा वसीयतीप्रमाणे मंडल्याच्या कब्रस्तानात वडिलांच्या शेजारी दफन झाले. स्वतः कमावल्यावर त्यांनी 2001 मध्ये रझा फाउंडेशन काढले. ती संस्था तरुण चित्रकारांना, लेखकांना, गायकांना मदत करते. घेतलेले परत करणे म्हणतात ते हे.

या सगळ्या यादीत एक गोष्ट आम्हाला सलते. ज्यू आहेत, पारशी आहेत, फ्रेंच सरकार आहे, नॉर्वेला गेलेले डॉक्टर आहेत. आपल्या समाजातले व्यापारी, आपले ट्रस्ट, आपल्या जमाती या यादीत शोधाव्या लागतात.

वाद आणि आपले मौन

हुसेन यांचे नाव निघाले की वाद निघणारच. तो टाळून लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पद्मश्री, पद्मभूषण, 1991 मध्ये पद्मविभूषण, 1986 मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, इतका मान देशाने त्यांना दिला. 1996 मध्ये एका हिंदी मासिकाने त्यांची हिंदू देवींची जुनी रेखाटने छापली आणि वादळ उठले. पुष्कळ हिंदू बांधव मनापासून दुखावले गेले, हे आपण नाकारू नये. त्याच वेळी त्यांच्या घरावर हल्ला झाला, प्रदर्शने फोडली गेली, देशभर खटले पडले, हेही नाकारता येत नाही. 2006 मध्ये त्यांनी देश सोडला. 8 मे 2008 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. संजय किशन कौल यांनी त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले, सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल बदलला नाही. तरी ते परतले नाहीत. 2010 मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले.

पण आपण आपल्या बाजूचेही बोलू. 2004 मध्ये त्यांचा 'मीनाक्षी' हा चित्रपट आला. त्यातल्या एका कव्वालीच्या शब्दांवर आपल्याच काही संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी चित्रपट थिएटरातून काढून घेतला. म्हणजे हरकत दोन्हीकडून आली. 2008 मध्ये दिल्लीच्या आर्ट समिटमध्ये त्यांचे एकही चित्र नव्हते. तेव्हा 'सहमत' या संस्थेने त्यांच्या चित्रांच्या छापील प्रतींचे प्रदर्शन भरवले आणि त्यावर हल्लाही झाला. त्यात उभे राहिलेले बहुतेक चेहरे दुसऱ्या समाजांतले होते. आपल्या मोहल्ल्यात तेव्हा बोलणे काय होते, ते आम्हाला आठवते. "तसवीर बनाने वाला, उसका हमसे क्या ताल्लुक?" आज 118 कोटींची बातमी आली की तीच माणसे "अपना हुसेन" म्हणून फॉरवर्ड करतात. किमतीला आपलेपणा आणि माणसाला दुरावा, हे बरे दिसत नाही.

नोव्हेंबर 2025 मध्ये दोह्यात कतार फाउंडेशनने त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. नाव 'लौह व कलम'. इमारत त्यांनीच काढलेल्या एका रेखाटनावरून उभी केली आहे. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाची चित्रे पाहायला पंढरपूरच्या मुलाने दोह्याला जायचे! आमच्या भागातली शेकडो मुले आखातात नोकरीला आहेत. त्यांनी एखाद्या शुक्रवारी जरूर जावे. पण इथल्या मुलांचे काय?

तसवीरचा प्रश्न

अब्बांचा दुसरा प्रश्न दीनचा होता. आम्ही शिक्षक आहोत, आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नाही. सजीवांच्या चित्राबद्दल उलेमांमध्ये चर्चा आहे, मते वेगवेगळी आहेत, आणि ज्या घराला ज्या आलिमवर भरवसा आहे त्यांना विचारून त्या घराने ठरवावे. पण प्रश्न विचारताना तो नीट विचारावा. "चित्रकला चालते का?" असा सरसकट प्रश्न विचारला की उत्तरही सरसकट येते.

रेखाकला परीक्षेचेच विषय बघा. वस्तुचित्र, म्हणजे घडा, वाटी, फळे. संकल्पचित्र, म्हणजे नक्षी. भूमिती. अक्षरलेखन. स्मरणचित्रात माणसे येतात, हे खरे. पण बाकीचा मोठा भाग तोच आहे ज्यात आपल्या पूर्वजांनी कमाल केली. विजापूरचा गोलघुमट आमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. तिथल्या जामा मशिदीची मिहराब आणि इब्राहिम रोजाच्या भिंतीवर दगडात कोरलेली खत्ताती बघा. ती करणाऱ्याला भूमिती आणि अक्षरलेखन दोन्ही येत होते.

झरीना हाश्मी यांचे नाव आपल्या मुलींना सांगावे. 1937 मध्ये अलीगडला जन्म, गणित शिकल्या, मग लाकडी ठोकळ्यावर कोरून कागदावर छापण्याचे काम आयुष्यभर केले. त्यांच्या कामात माणसाची आकृती जवळजवळ नाहीच. घराचा नकाशा, उंबरठा, सरहद्दीची रेघ, आणि खाली उर्दू शब्द. 1999 च्या एका मालिकेत अशा 36 छाप्यांखाली नस्तालीकमध्ये एकेक उर्दू शब्द आहे. बहीण पाकिस्तानात, स्वतः परदेशात, मग घर म्हणजे काय, हा त्यांचा सवाल. 2011 मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताचे पहिले अधिकृत दालन होते, त्यात त्यांचे काम होते. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. उर्दू भाषा जगातल्या भिंतींवर नेणारी ही बाई 2020 मध्ये गेली. आपल्या उर्दू शाळांच्या किती भिंतींवर तिचे नाव आहे?

मग पोट भरते का?

आता पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. गॅलरीतले चित्रकार होऊन पोट भरणारे फार थोडे. मुलीला असे स्वप्न दाखवून पाठवू नये. एकल प्रदर्शन भरवायचे तर गॅलरीचे भाडे, चौकटी, वाहतूक, छपाई, सगळा खर्च बहुतेक वेळा चित्रकारालाच करावा लागतो. मोठ्या गॅलऱ्यांत नंबर लागायला वर्षे जातात. पाठीशी घर नसेल तर हुनर असूनही माणूस मागे पडतो.

पण चित्रकला म्हणजे फक्त गॅलरी नव्हे. आम्ही त्या अब्बांना विचारले, "तुमच्या मागावरच्या चादरीवर मोराची, फुलाची नक्षी कुठून येते?" ते हसले. जकार्डच्या मागाला नक्षी लागते, ती आधी कोणीतरी चौकटीच्या कागदावर काढतो, मग कार्डाला भोके पडतात. आज बरेचसे काम संगणकावर होते. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जगात गेली, पण तिची नक्षी काढणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत नसते. "वो डिझाइनर को पगार हमसे ज्यादा है," ते स्वतःच म्हणाले.

कापड, पुस्तके, जाहिरात, ॲनिमेशन, घरसजावट, शाळेतला कलाशिक्षक, संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी, ही सगळी हलाल रोजी आहे आणि या सगळ्यांना रेखाटनाचा पाया लागतो. बारावीनंतर बीएफए करायचे तर राज्याची सीईटी द्यावी लागते. मुंबईचे जे. जे. 1857 पासूनचे आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय महाविद्यालये आहेत. रेखाकला परीक्षेच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला 7, बी ला 5, सी ला 3. निदान या गुणांसाठी तरी परीक्षा द्या, असे आम्ही दरवर्षी सांगतो. आणि दरवर्षी काही मुले रंगाच्या पैशावाचून गळतात. ब्रश, रंग, कागद आणि फी, सगळे मिळून रक्कम ईदच्या एका चपलेच्या जोडाएवढी असते.

मोठ्या पातळीवर पाहिले तरी गोष्ट तीच आहे. आज भारतीय कलेतला मोठा पैसा खासगी आहे. किरण नाडार यांचे दिल्लीतले संग्रहालय, 2023 मध्ये मुंबईत उघडलेले अंबानी सांस्कृतिक केंद्र, लिलावगृहे. त्यामुळे चित्रे जपली जातात, हे चांगलेच. पण खासगी पैसा बहुधा सिद्ध झालेल्या नावांकडे जातो. नवख्याला लागतो तो सार्वजनिक आणि समाजाचा पैसा. कोचीचे द्वैवार्षिक प्रदर्शन 2012 मध्ये सुरू झाले ते केरळ सरकारच्या पाठबळावर, बंदरातल्या जुन्या वखारींमध्ये. रिक्षावाले, शाळेची मुले, नमाजहून परतणारे बुजुर्ग, सगळे तिथे चित्रे बघताना दिसतात. कला लोकांची झाली की तिला लोकांचा पैसाही मिळतो.

आपण काय करू शकतो?

जमातीने आणि ट्रस्टने आपल्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर इंजिनिअरिंग-मेडिकलच्या शेजारी 'कला' असा एक रकाना घालावा. जकातीतून देता येईल का, हे उलेमांना विचारावे. सदका आणि देणगीतून द्यायला तर कोणाची हरकत नसावी.

मशिदीचे, मदरशाचे, शादीखान्याचे नवे बांधकाम निघाले की तयार टाइल्स आणण्याआधी आपल्या भागातल्या कातिबाला, नक्षीकाराला काम द्यावे आणि योग्य मोबदला द्यावा. "अल्लाह के घर का काम है, सवाब समझ के कर दो," असे म्हणून हुनर फुकट मागू नये. सिमेंटवाल्याला आपण असे म्हणत नाही.

शाळांनी सहलीत एक गॅलरी ठेवावी. मुंबईला गेलात तर हाजीअली आणि राणीच्या बागेबरोबर जहांगीर गॅलरीत अर्धा तास द्या. फुकट आहे. आमच्या मुलांना आम्ही नेले होते. दारात ती बिचकली, आपल्याला आत सोडतील का म्हणून. कोणी अडवले नाही. एक मुलगा एका चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, इसमें कुछ समझ नहीं आता, पर हटने का दिल नहीं करता." आम्हाला तेवढे पुरे होते.

त्या अब्बांचे काय झाले? त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. घरात दादी नाराज आहेत, मामूंना वाटते डी. एड. करावे. पण इंटरमिजिएटची फी त्यांनी भरली. स्वतः दुकानात जाऊन रंग आणले आणि चुकून तैलरंग आणले, जे परीक्षेत चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी बदलून आणले. पावती अजून त्यांच्या खिशात आहे, म्हणाले, "आगे काम आएगी."

वोलोडार्स्कींनी 1954 मध्ये ते चित्र घेतले तेव्हा त्याचे पुढे काय होईल हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांना चित्र आवडले, एका तरुणाला त्याच्या कामाचे पैसे मिळाले. आपल्या हातात तेवढेच आहे, आणि ते आज करता येण्यासारखे आहे.